गोळी लागते, पण माणूस पडत नाही : काऊबॉय आणि भुतांच्या कमी पैशातल्या सिनेमांविषयी

धुळीचा रस्ता, दोन्ही बाजूला लाकडी दुकानं, खिडकीआडून बघणारी माणसं, आणि रस्त्याच्या दोन टोकांना कमरेला पिस्तूल लावून उभे असलेले दोघं. ज्याने आयुष्यात एकही वेस्टर्न पिक्चर पूर्ण बघितला नसेल त्यालाही पुढे काय होणार ते माहिती असतं. ज्याचा हात आधी चालेल तो जिंकणार, दुसरा धुळीत पडणार. कोर्ट लांब, सरकार लांब, शेरीफ एकतर घाबरट नाहीतर विकला गेलेला, त्यामुळे जमीन कोणाची, पाणी कोणाचं, खून कोणी केला, सगळ्याचा निकाल शेवटी गोळीच लावणार. वेस्टर्न हा अख्खा प्रकार ह्या एका नियमावर उभा आहे.

आता समजा एकाला गोळी लागली, बरोबर छातीत लागली, आणि तो पडलाच नाही. नुसता उभा राहिला, समोर बघत.

ह्या एवढ्याशा बदलातून सिनेमाची एक वेगळीच जात तयार झाली. हॉरर वेस्टर्न म्हणतात, कोणी वीअर्ड वेस्टर्न म्हणतं. बहुतेक पिक्चर कमी पैशात बनलेले, काही खरंच बघवत नाहीत इतके वाईट, पण काही असे की दहा-दहा वर्षं डोक्यातून जात नाहीत. लोक पोस्टर बघूनच हसतात आणि सोडून देतात त्याचं मला वाईट वाटतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. काऊबॉय आणि भूत ह्या दोन गोष्टी एकत्र आल्याच कशा, आणि स्वस्तातच का आल्या, हे एकदा कळलं की हे पिक्चर बघायची नजरच बदलते.

आधी थोडी पार्श्वभूमी. वेस्टर्नचा काळ साधारण १८६५ ला अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं तिथून १८९० पर्यंतचा, जागा मिसिसिपी नदीच्या पश्चिमेची. १८९० च्या जनगणनेनंतर तिथल्या सरकारनेच सांगून टाकलं की आता वस्तीची अशी सरहद्द उरली नाही, सगळीकडे माणसं पोचली. म्हणजे जेमतेम पंचवीस वर्षांचा काळ, आणि त्यावर हजारो सिनेमे. आणि हॉलिवूडच्या जवळच डोंगर, वाळवंट, घोडे सगळं हाताशी होतं, एकदा लाकडी गावाचा सेट उभा केला की त्याच रस्त्यावर पन्नास वेगवेगळे पिक्चर काढता यायचे. ऊन फुकट, माती फुकट.

त्यात तिकडे १९३० च्या दशकात एका तिकिटात दोन पिक्चर दाखवायची पद्धत पडली. मुख्य पिक्चर मोठ्या नटांचा, त्याच्या कमाईत स्टुडिओचा टक्का असायचा. जोडीला दुसरा छोटा पिक्चर, तो बी-पिक्चर, आणि हा थेटरवाल्याला ठरलेल्या भाड्याने मिळायचा. मग पिक्चर चालो न चालो, भाडं तेवढंच. आता ह्यात निर्मात्याने नफा काढायचा कसा? खर्च कमी करून, दुसरा मार्गच नाही. तासाभराचा पिक्चर, थोडक्या दिवसांत शूटिंग, जुनी फिल्म परत वापरायची. हे परत वापरणं म्हणजे किती, तर १९३२ चा 'हॉन्टेड गोल्ड' घ्या. जॉन वेन तेव्हा पोरसवदा होता, मोठा स्टार व्हायला अजून वेळ होता. हा पिक्चर केन मेनार्ड नावाच्या जुन्या नटाच्या मूकपटावरून काढलेला, तर वेनला मेनार्डसारखेच कपडे घातले, घोडा तसाच दिला, आणि लांबून दिसणारी घोडदौड-मारामारी जुन्या मूकपटातली कापून जोडली. जवळून दिसतो तो वेन, लांबून दिसतो तो मेनार्ड.

ह्या काळातल्या पिक्चरमध्ये भूत यायचं पण ते खरं नसायचं. सोन्याची खाण, खाणीत कोणीतरी काळ्या कपड्यात फिरतंय, गावकरी घाबरलेले, आणि शेवटी बुरखा निघाला की आत गावातलाच लबाड माणूस, ज्याला खाण हडपायची होती. म्हणजे भीती खोटी ठरली आणि गोळीचा नियम शाबूत राहिला. ह्याच्यात मजा आहे, पण धक्का नाही.

धक्का आला १९५९ मध्ये. युनिव्हर्सलचा 'कर्स ऑफ द अनडेड', ब्लॅक अँड व्हाइट, सव्वा तासाच्या जरा वर. दिग्दर्शक एडवर्ड डीन. एका मुलीच्या घरातली माणसं मेलीत, शेजारच्या धनदांडग्यावर तिचा संशय, आणि ती भाड्याचा पिस्तूलबाज पाहिजे म्हणून जाहिरात लावते. ती वाचून जो येतो तो ड्रेक रोबी, काळे कपडे, हळू बोलणारा, थकलेल्या डोळ्यांचा माणूस, मायकेल पेटने केलाय. गावाला वाटतं हा फार वेगवान असणार. पण त्याला वेगाची गरजच नाही हो! समोरच्याने आधी मारली तरी चालते, गोळी त्याला काही करत नाही, तो शांतपणे आपलं पिस्तूल काढतो आणि मारतो. तो व्हॅम्पायर आहे, म्हणजे मेल्यावरही न संपलेला, रक्त पिऊन जगणारा. आणि तो व्हॅम्पायर कसा झाला, तर त्याने सख्ख्या भावाला मारलं आणि मग स्वतःला संपवलं, म्हणून त्याला मरणच येत नाही. आपल्याकडे अपमृत्यू आलेला माणूस मागे राहतो म्हणतात त्याच्याशी हे किती जवळचं आहे बघा, त्यामुळे मला तरी तो राक्षस वाटला नाही, अडकून पडलेला माणूस वाटला.

शेवट तर मला अजून पाठ आहे. गावच्या पाद्रीला त्याच्याशी रस्त्यावर समोरासमोर उभं राहायला लागतं, आणि हा पाद्री आपल्याजवळचा एक छोटासा क्रॉस काढून गोळीच्या टोकावर बसवतो. गोळी सुटते आणि रस्त्यावर नुसते रिकामे कपडे उरतात. म्हणजे वेस्टर्नचा नियम आणि भुताचा नियम, दोन्ही एका गोळीत. खर्च काय आला असेल ह्या आयडियेला? काहीच नाही. चांगली कल्पना आणि ती मनापासून करणारे नट, एवढ्यावर तो सीन उभा आहे.

ह्याच्या बरोबर उलटं उदाहरण १९६६ चं. दिग्दर्शक विल्यम बोडीन, मूकपटांच्या काळापासून काम करणारा, हाताखालून ढिगाने पिक्चर गेलेले, पहिलाच टेक ओके करायचा म्हणून 'वन शॉट' असं टोपणनाव पडलेला. त्याने एकाच वर्षी दोन पिक्चर जोडीने आणले, 'बिली द किड व्हर्सेस ड्रॅक्युला' आणि 'जेसी जेम्स मीट्स फ्रँकेनस्टाइन्स डॉटर'. बिली द किड आणि जेसी जेम्स हे दोघं खरे होऊन गेलेले गुन्हेगार, आणि त्यांच्यासमोर ही कादंबऱ्यांमधली भुतावळ. दुसऱ्याच्या तर नावातच मुलगी आहे, आणि पिक्चरमध्ये ती निघते नात. ड्रॅक्युलाचं काम जॉन कॅरडीनने केलंय, ज्याने १९४४ आणि १९४५ मध्ये युनिव्हर्सलच्या दोन पिक्चरमध्ये ह्याच भूमिकेत खरंच छाप पाडली होती. इथे तो कोणाला संमोहित करायला लागला की त्याच्या तोंडावर लाल लाइट टाकलाय. आणि शेवटी बिली त्याच्यावर गोळ्या झाडतो, काही होत नाही, मग बिली रिकामं पिस्तूलच त्याच्या डोक्यात फेकून मारतो आणि ड्रॅक्युला आडवा!

लोकांना हे बघून हसू येतं ते ठीक आहे. पण नीट बघितलं तर चूक पैशाची नाही. आत्ताच तर दाखवलं की ह्याला गोळी लागत नाही, मग त्याच पिस्तुलाच्या मारानं तो पडतो कसा? भीती ज्या नियमावर उभी केली तो नियम त्यांनीच मोडला. १९५९ वाल्यांनी पण कमी पैशातच केलं होतं, पण त्यांनी नियम शेवटपर्यंत पाळला. हॉररमध्ये पैसा कमी पडला तर प्रेक्षक सांभाळून घेतो. नियम कच्चा निघाला तर नाही घेत.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगते कारण ती ह्या सगळ्या जुन्या पिक्चरमध्ये दिसते आणि पहिल्यांदा बघणारा गोंधळतो. ड्रॅक्युला म्हणजे रात्री फिरणारा व्हॅम्पायर, मग तो दिवसाढवळ्या फिरतोय असं का वाटतं? रात्री उघड्या माळावर शूटिंग करायचं म्हणजे अख्ख्या डोंगराला पुरतील एवढे दिवे, जनरेटर, माणसं, आणि रात्रपाळीचे पैसे. ते परवडत नाही म्हणून भर उन्हात शूट करायचं, कॅमेऱ्यात उजेड मुद्दाम कमी घ्यायचा आणि फिल्टर लावायचे, रंगीत फिल्म असेल तर निळसर, म्हणजे चांदणं पडल्यासारखं दिसतं. ह्याला डे फॉर नाइट म्हणतात, आणि फ्रेंच लोक ह्याला चक्क 'अमेरिकन रात्र' म्हणतात. नीट जमलं तर खरंच सुंदर दिसतं. पण आभाळ फ्रेममध्ये आलं की पांढरं फटक पडतं आणि माणसाच्या पायाशी करकरीत सावली दिसते. म्हणून जाणता कॅमेरामन आभाळ टाळतो, कॅमेरा वरून खाली ठेवतो. बोडीनच्या पिक्चरला एवढा वेळ कुठला, त्यामुळे रात्र म्हणून जे दाखवलंय ते दुपार वाटतं आणि बिचारा ड्रॅक्युला उन्हात उभा दिसतो.

मधल्या काळात इटलीवाल्यांनी स्पेनच्या अल्मेरियाच्या वाळवंटात वेस्टर्न काढायचा सपाटा लावला होता, त्यात काही हॉररच्या अंगाने जाणारे निघाले. अँटोनिओ मार्गेरीटी हा मुळात भुताच्या हवेल्यांचे पिक्चर काढणारा दिग्दर्शक, त्याने १९७० मध्ये क्लाउस किन्स्कीला घेऊन 'अँड गॉड सेड टू केन' केला. किन्स्की तुरुंगातून सुटून सूड घ्यायला येतो, सगळं एका वादळी रात्रीत, तो भुयारातून येतो, चर्चची घंटा वाजत राहते. माणूस जिवंत आहे पण वागतो भुतासारखा. आणि १९७३ चा क्लिंट ईस्टवूडचा 'हाय प्लेन्स ड्रिफ्टर' तर बऱ्याच जणांनी बघितला असेल, गाव लाल रंगाने रंगवतो तो. तो काही गरीब पिक्चर नाही, पण मेलेला माणूस परत आलाय का हे न सांगता सोडून द्यायची ताकद पुढच्या कितीतरी छोट्या पिक्चरवाल्यांनी त्याच्याकडून घेतली.

मग १९८० मध्ये 'हेवन्स गेट' आला, चार कोटी डॉलरच्या वर खर्च, आणि असा पडला की त्यापाठोपाठ युनायटेड आर्टिस्ट्स हा जुना स्टुडिओ विकला गेला. त्यानंतर वेस्टर्नचं नाव काढलं की पैसेवाले दार लावून घ्यायचे. आणि नेमकं ह्याच काळात कॅथरीन बिगलो नावाच्या तरुण दिग्दर्शिकेला वेस्टर्न काढायचा होता. तिने आणि लेखक एरिक रेडने बघितलं की नुसत्या वेस्टर्नला कोणी पैसे देणार नाही, पण व्हॅम्पायर चालतात, मग दोन्ही एकत्र करू. त्यातून १९८७ चा 'निअर डार्क' झाला, साधारण ५० लाख डॉलरमध्ये. ओक्लाहोमाच्या भागात व्हॅनमधून फिरणारी व्हॅम्पायरची टोळी, जुन्या पिक्चरमधल्या दरोडेखोरांच्या टोळीसारखी, त्यांचा म्होरक्या यादवी युद्धात लढलेला. आणि अख्ख्या पिक्चरमध्ये व्हॅम्पायर हा शब्द एकदाही येत नाही. सुळे नाहीत, काळा झगा नाही, हवेली नाही.

त्यातला मोटेलचा सीन मी कितीदा बघितलाय. टोळी एका स्वस्त मोटेलच्या खोलीत दिवसा लपलीय, खिडक्या झाकून. पोलीस बाहेरून घेरतात आणि गोळीबार सुरू करतात. गोळ्यांचं ह्यांना काहीच नाही. पण प्रत्येक गोळीने भिंतीला भोक पडतं, आणि प्रत्येक भोकातून उन्हाची एक बारीक तिरीप आत येते, आणि ती जिथे लागेल तिथे कातडी जळते. हळूहळू अख्खी खोली अशा तिरपांनी भरून जाते आणि ही माणसं त्यांच्यातून अंग चोरत, वळत, रांगत फिरतायत. गोळी मारत नाही, गोळीने पडलेलं भोक मारतं! पडद्यावर आहे काय तर एक खोली, पातळ भिंती, धूर आणि बाहेर लावलेले दिवे. माझ्या मते ह्या अख्ख्या प्रकारातला हा सगळ्यात हुशार सीन आहे, आणि तरी तो पिक्चर तेव्हा थेटरात चालला नाही, खर्चसुद्धा निघाला नाही. लोकांना तो नंतर सापडला, व्हिडिओ कॅसेटवर.

आपल्याकडे पण हे मिश्रण जवळून चाटून गेलंय. 'शोले' मध्ये वेस्टर्नचा किती भाग आहे हे सांगायला नको, आणि रामसे बंधूंच्या १९८४ च्या 'पुराना मंदिर' मध्ये मुख्य गोष्ट सैतानाची आणि मध्येच जगदीपचा मच्छरसिंग डाकू घेऊन 'शोले'ची नक्कल. पण तिथे दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी चालतात, मिसळत नाहीत. एकाने हसवायचं, एकाने घाबरवायचं.

खरं मिसळणं कुठे होतं हे सांगायला मला अमेरिकेतल्या जमिनीच्या कायद्यावर यायला लागेल, जरा थांबा, कंटाळवाणं नाहीये. १८६२ चा होमस्टेड कायदा. सरकारने सांगितलं की अर्ज करा, थोडी फी भरा, १६० एकर जमीन घ्या, अट एकच, पाच वर्षं त्याच जमिनीवर घर बांधून राहायचं आणि ती कसायची. आता हिशोब करा. १६० एकर म्हणजे अर्धा मैल लांब आणि अर्धा मैल रुंद चौकोन. आपल्याकडे गाव म्हणजे गावठाण, भिंतीला भिंत लागून घरं, आणि शेतं गावाबाहेर. संध्याकाळी माणूस शेतावरून माणसांत परत येतो. तिकडे कायद्यानेच प्रत्येकाला आपापल्या चौकोनात एकटं बसवलं. शेजारी एखादा मैल लांब, तोही आला तर. झाड नाही, डोंगर नाही, नुसतं गवत आणि वारा. त्या काळातल्या लोकांनी ह्याला नावच दिलं होतं, प्रेअरी मॅडनेस, माळरानाचं वेड. विशेषतः बायकांना व्हायचं म्हणतात, कारण पुरुष सामान आणायला म्हणून निदान गावाला जायचा.

माझी आत्या मंगळवेढ्याच्या पुढे वस्तीवर राहायची, ज्वारीची काळी सपाट रानं, उन्हाळ्यात तर नजर जाईल तिथपर्यंत काही नाही. लहानपणी सुट्टीत तिकडे गेले की रात्री अंगणातून लांब एकच दिवा दिसायचा, दुसऱ्या कोणाच्या तरी वस्तीचा. आत्याचा नियम होता, रात्री माळावरून कोणी नावाने हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही, तिसरी हाक येईपर्यंत थांबायचं, कारण माणूस असेल तर तिसरी हाक मारेल, दुसरं काही असेल तर मारणार नाही. आणि चकवा लागतो म्हणायची, ओळखीच्याच रानात माणूस रात्रभर गोल-गोल फिरतो. तेव्हा ऐकताना अंगावर काटा यायचा, आता वाटतं की एवढ्या मोकळ्या जागेत राहणाऱ्या माणसाला हे नियम लागतातच, नाहीतर तो रात्र काढेल कशी.

हे सगळं मला आठवलं ते 'द विंड' बघताना, २०१८ चा, दिग्दर्शिका एमा टॅमी, लेखिका टेरेसा सदरलँड. न्यू मेक्सिकोत शूट केलेला. दोन लाकडी घरं, मध्ये मैलभर गवत, मोजून चार-पाच नट. सुरुवात अशी की दोन पुरुष घराबाहेर थांबलेत, कोणी काही बोलत नाही, दार उघडतं आणि आतून एक बाई बाहेर येते, लिझी, कपडे रक्ताने भरलेले आणि हातात मेलेलं बाळ. आतली बाळाची आई पण गेलीय. कितीतरी वेळ एक शब्द नाही, नुसता वारा. मग पुरुष निघून जातात आणि लिझी एकटी राहते, आणि तिला वाटायला लागतं की बाहेर काहीतरी आहे. पिक्चर मागे-पुढे उड्या मारतो, आधीचं नंतर कळतं, त्यामुळे पहिल्यांदा बघताना गोंधळ होईल, होऊ द्या. एका रात्री एक फिरता पाद्री दारात येतो, आसरा मागतो, चांगला बोलतो, हसतो, आणि लिझीबरोबर आपल्यालाही कळत नाही की दार उघडून बरं केलं की वाईट. ओ द्यायची की नाही, तोच प्रश्न.

लिझीच्या हातात बंदूक सतत असते. ती चालवता पण येते तिला. पण कशावर चालवायची? वाऱ्यावर? गोळीचा नियम इथे वेगळ्याच बाजूने मोडतो, समोरचा अमर आहे म्हणून नाही, समोर नक्की कोणी आहे का तेच ठरत नाही म्हणून. आणि भूत खरं की लिझीचं डोकं फिरलं, दोन्ही बाजूंनी गोष्ट पूर्ण लागते. माझं मत विचाराल तर दोन्ही खरं आहे, तो एकटेपणा हेच तिथलं भूत आहे.

ह्याच नावाचा एक मूकपट १९२८ मध्ये येऊन गेला, लिलियन गिशचा, त्याची गोष्ट वेगळी पण मूळ तेच, वाऱ्याने वेडी होत जाणारी बाई. मोहावीच्या वाळवंटात विमानाचे आठ पंखे लावून वाळू उडवली होती तिच्यावर. मूकपट असून वारा ऐकू आल्यासारखा वाटतो, हे मला अजून नवल वाटतं.

मोकळ्या जमिनीबद्दल अजून एक गोष्ट बोलायलाच पाहिजे. ती रिकामी नव्हती. तिथे माणसं राहत होती, लाकोटा, शायेन, अपाची, कोमान्ची, आणि त्यांना हुसकावून, मारून ती रिकामी केली गेली. जुन्या वेस्टर्नमध्ये ह्या लोकांना नुसतं आरडाओरडा करत घोड्यावर येणारे शत्रू म्हणून दाखवलं. हॉररने काही वेळा ह्याच्याहून वाईट केलं, त्यांना शाप देणारे मांत्रिक करून टाकलं. पण काही छोट्या पिक्चरनी प्रामाणिकपणे विचार केला की ह्या जमिनीत भूत असेलच तर ते कोणी तयार केलं.

ह्यातला सगळ्यात चांगला म्हणजे २००८ चा 'द बरोअर्स', जे. टी. पेटीचा. १८७९, डाकोटा. एक अख्खं कुटुंब नाहीसं होतं. सगळे धरून चालतात की इंडियन लोकांनीच (म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी, त्यांना तिकडे इंडियन म्हणायचे) पळवलं, शोधपथक निघतं, बरोबर लष्कराची तुकडी, आणि जो सापडेल त्याला पकडून हाल करायचं सुरू. पण पळवणारी माणसं नाहीतच. जमिनीखाली राहणारे प्राणी आहेत, माणसाला विषाने लुळं करतात, जिवंतच पुरून ठेवतात आणि नंतर येऊन खातात. आणि ते माणसांवर का उलटले? आधी ते रानरेडे खायचे, बायसन. ते संपले म्हणून.

आता ही गोष्ट ज्याला खरा इतिहास माहिती आहे त्याला जास्त लागते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या माळांवर कोट्यवधी बायसन होते, तीन कोटीच्या आसपास धरतात, आणि १८८० च्या दशकाच्या शेवटी सगळे मिळून हजारभर उरले. कातडीसाठी मारले, रेल्वेतून मजा म्हणून मारले, आणि त्यावर जगणाऱ्या लोकांची उपासमार झाली तर ते शरण येतील हे लष्करातल्या वरिष्ठांना पण हवंच होतं. पिक्चर ह्याचं भाषण देत नाही. एका वाक्यात सांगतो आणि पुढे जातो, आणि तिथून पुढे प्रत्येक वेळी कोणी इंडियन माणसाकडे बंदूक रोखतो तेव्हा आपल्याला कळत असतं की बंदूक चुकीच्या दिशेला आहे. परत तेच बघा, गोळी आहे, नेम आहे, पण शत्रू पायाखाली.

वेंडिगोची, म्हणजे माणूस खाणाऱ्या एका भुताची, कथा पण अशीच वापरली जाते. ती मुळात उत्तरेकडच्या, कॅनडा आणि ग्रेट लेक्सच्या बाजूच्या अल्गोन्क्वियन भाषा बोलणाऱ्या लोकांची, बर्फातल्या उपासमारीची आणि माणूस खाण्याच्या पापाची. १९९९ च्या 'रॅव्हनस' मध्ये ती उचलून कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरात आणलीय. पिक्चर मला फार आवडतो पण हे खटकतं, कोणाची कथा कुठेही लावायची असं नाही. तिथल्या डोंगराला स्वतःची खरी गोष्ट होती की, १८४६-४७ च्या हिवाळ्यात डोनर पार्टी त्याच डोंगरात अडकली होती, ८७ माणसं, त्यातली निम्म्याच्या जरा वर वाचली, आणि वाचलेल्यांतल्या काहींनी मेलेल्यांचं मांस खाऊन जीव जगवला.

आणि 'बोन टोमाहॉक', २०१५. ह्याच्यात भूत नाही म्हणून काही जण तो ह्या यादीत घेत नाहीत, मी घेते. एस. क्रेग झालरचा पहिला पिक्चर, १८ लाख डॉलर, २१ दिवस शूटिंग, आणि त्यात कर्ट रसेल. एवढ्या पैशात रसेल आला कारण स्क्रिप्ट चांगली होती. चार माणसं पळवून नेलेल्यांना सोडवायला निघतात, त्यातल्या एकाचा पाय मोडलाय आणि पळवलेली त्याची बायको आहे. दोन तासांच्या वर पिक्चर आणि त्यातला बराच वेळ ते नुसते चालतायत, बोलतायत, पाय ओढतायत. पैसे वाचवायला असेल किंवा मुद्दाम असेल, पण त्या चालण्यामुळे ती चार माणसं आपल्या ओळखीची होतात, म्हणून शेवटची वीस-पंचवीस मिनिटं सहन होत नाहीत. तिथे राहणारे ते गुहेतले लोक बोलत नाहीत, त्यांच्या गळ्यात हाड बसवलंय आणि त्यातून एक शिट्टीसारखा आवाज निघतो. तो आवाज आधी येतो, माणूस नंतर दिसतो. ज्यांना रक्त बघवत नाही त्यांनी हा पिक्चर खरंच बघू नका, एक सीन असा आहे की मी दुसऱ्यांदा बघताना तिथे नजर फिरवली. आणि हो, त्या लोकांना असं दाखवण्यावर टीका झालीय आणि ती पटण्यासारखी आहे. पिक्चरमध्ये एक सुशिक्षित इंडियन माणूस सांगतो की ते आमच्यातले नाहीत, पण एका वाक्याने ते धुतलं जात नाही.

कोणाला सुरुवात करायची असेल तर सालाच्या क्रमाने जाऊ नका. आधी 'निअर डार्क' बघा, तो लगेच पकडतो. मग 'कर्स ऑफ द अनडेड', जुना आहे पण छोटा आहे. मग 'द बरोअर्स'. बोडीनचे दोन्ही घरात चार जण जमले असतील तेव्हाच, एकट्याने नको. आणि 'द विंड' अगदी शेवटी, रात्री, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि चांगला हेडफोन लावून, कारण दाराच्या फटीतून येणारा वारा आणि दाराबाहेर कोणीतरी उभं राहिल्यावर बदललेला वारा ह्यात जो बारीक फरक केलाय तो टीव्हीच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही.